माशी, खाच आणि मागचा धक्का

मंडईचे दिवस होते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात, आणि मंडई म्हटली की रात्रीचे नाटक आलेच. वडशाहून कंपनी आली होती. तिसऱ्या अंकात खलनायकाने कोटाच्या खिशातून रिव्हॉल्व्हर काढले, नायिकेच्या बापावर रोखले, पडद्यामागे कोणीतरी लवंगी फटाका लावला आणि बाप कोसळला. बायाबापड्या हळहळल्या. माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसलेले मामा मात्र मोठ्याने हसले. लोक मागे वळून पाहू लागले तेव्हा मला शरमल्यासारखे झाले.

"काऊन हसता मामा?"

"अवो पोरी, बार झाला अन् त्याचा हात त हाललाच नाही ना बाप्पा!"

मामा पोलीस खात्यात आर्मोरर होते. म्हणजे शस्त्रागारातील बंदुका, रिव्हॉल्व्हरे, त्यांची साफसफाई, दुरुस्ती आणि नोंदवही हे त्यांचे काम. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते नोकरीत होते. निवृत्त होऊन आता ते सडक अर्जुनीला आमच्या घराजवळच राहतात. (बाहेरच्या वाचकांसाठी: अर्जुनी मोरगाव निराळे. आमची अर्जुनी मुंबई-कोलकाता महामार्गावरची, म्हणून 'सडक'.) त्या रात्री नाटक संपून घरी येईपर्यंत आणि पुढचे चार दिवस मी त्यांना प्रश्न विचारीत राहिले. त्यातून जे कळले ते येथे मांडते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताशी माझी दहावीतच फारकत झाली. तेव्हा जे माझ्या डोक्यात शिरले ते वाचकांच्या शिरायला हरकत नाही.

प्रथम दोन शब्द. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या पुढच्या टोकाला वर जो लहानसा उभा दात असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मागे, घोड्याच्या जरा पुढे, एक खाच असते. नेम धरणे म्हणजे डोळा, खाच, माशी आणि निशाण ही चारही एका रेषेत आणणे. माशी खाचेच्या बरोबर मध्ये आणि दोघींचे माथे एका पातळीत दिसले पाहिजेत. या रेषेला आपण नजरेची रेषा म्हणू. दुसरी रेषा नळीची, म्हणजे गोळी ज्या पोकळीतून जाते तिची. सामान्य समजूत अशी की या दोन्ही रेषा समांतर असाव्यात. माझीही तशीच होती. फार तर, गोळी जमिनीच्या ओढीने खाली पडते म्हणून नळी जरा वर रोखलेली असावी, असे मला वाटले. रायफलीत तसेच असते. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र नेमके उलट. मामा नवीन शिपायांना दाखवीत असत: रिकाम्या, दोनदा तपासलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत साफसफाईची सरळ सळई घालायची आणि नेम धरून बाजूने पाहायचे. सळई निशाणाकडे न जाता त्याच्या खाली जमिनीकडे रोख धरते! म्हणजे शस्त्र बनवणाऱ्याने ते जाणूनबुजून खाली पाहणारे बनवलेले असते. माशी उंच आणि खाच बुटकी ठेवली की हे आपोआप होते.

असे का करतात? याचे उत्तर त्या न हाललेल्या हातात आहे.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक ठरलेले उदाहरण असते. इतक्या वजनाच्या बंदुकीतून इतक्या वजनाची गोळी इतक्या वेगाने सुटली, तर बंदुकीच्या प्रतिक्षेपाचा वेग काढा. मी ते पाठ करून गुण मिळवले होते. पण बंदूक नुसती मागे येत नाही, हे त्या उदाहरणात नसते. मामांनी घरातला सुताराचा गुण्या माझ्या हातात दिला. एक बाजू मुठीत उभी, दुसरी आडवी, पुढे रोखलेली. "घट्ट धर" म्हणाले, आणि आडव्या बाजूच्या टोकावर तळहात ठेवून सरळ मागे, माझ्याकडे ढकलले. खाली-वर अजिबात नाही, सरळ मागे. तरी गुण्याचे टोक वर उचलले गेले. कारण उघड आहे. धक्का बसतो वरच्या बाजूला आणि धरलेले असते खाली. दार बिजागरीवर फिरावे तसे सगळे मनगटाभोवती फिरते. रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांच्या चकरीत सर्वांत वरचे घर नळीच्या समोर येते. म्हणून नळी मुठीच्या बरीच वर राहते आणि हे फिरणे जास्त होते. अलीकडे इटलीत 'रायनो' नावाचे एक रिव्हॉल्व्हर निघाले आहे. त्यात चकरीतले सर्वांत खालचे घर नळीसमोर येते, नळी जवळजवळ मुठीच्या पातळीला येते आणि तोंड फार कमी उडते. दिसायला ते फार विचित्र आहे. उपाय इतका सोपा असून इतकी वर्षे बहुतेक कारागिरांनी वरच्याच घरातून गोळी का काढली, हे मला अजून उमगलेले नाही. सवय ही मोठी गोष्ट आहे, असे मामा म्हणतात.

आता खरा नाजूक भाग. हाताला जाणवणारी जी मोठी उसळी, ती जवळजवळ सगळी गोळी निघून गेल्यानंतरची असते. तिने नेम बिघडत नाही. गोळी केव्हाच पुढे गेलेली असते. पण उसळीची सुरुवात गोळी नळीत असतानाच होते. गोळी नळीत असते ती सेकंदाचा साधारण हजारावा भाग. तेवढ्यात नळीचे तोंड फार फार तर पाव अंशाने वर जाते. पाव अंश म्हणजे काय? १५ मीटरवर तो साडेसहा सेंटिमीटर होतो, म्हणजे चार बोटे. छातीवर धरलेला नेम गळ्याशी लागायला एवढे पुरे आहे. तेव्हा कारागीर आधीच नळी तेवढी खाली रोखून ठेवतो. बार होताना ती वर येते आणि गोळी जिथे पाहिजे तिथे जाते. सळई जमिनीकडे का पाहते, त्याचा खुलासा असा.

मला येथे एक शंका आली आणि ती मी मोठ्या ऐटीत मामांना विचारली. हळू जाणारी गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणजे तोपर्यंत तोंड जास्त वर जाते, म्हणजे हळू गोळी वर लागणार. बरोबर ना? मामा म्हणाले, खात्यातही सगळे असेच सांगतात आणि ते अर्धेच खरे आहे. मग त्यांनी मला नवेगावबांधाच्या तलावात नेले. म्हणजे बोलण्यात. तलावात ढिवराचा डोंगा उभा आहे. त्याच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला गेला तर डोंगा उलट दिशेने थोडा सरकतो. माणूस सावकाश चालत गेला काय किंवा धावत गेला काय, पोहोचेपर्यंत डोंगा सरकतो तो तेवढाच. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी: माणूस किती जड आहे आणि डोंगा किती लांब आहे. गोळी म्हणजे माणूस, रिव्हॉल्व्हर म्हणजे डोंगा. १० ग्रॅमची गोळी १० सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत ९०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर मागे सरकते सुमारे १.१ मिलिमीटर, मग गोळी वेगाची असो की मंद. हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते खरी, पण ती रिव्हॉल्व्हरलाही हळूच ढकलते. दोन्ही गोष्टी एकमेकींना खातात. फिरण्याचेही असेच. दारूच्या धुराचे स्वतःचे वजन, हाताची पकड यांमुळे या साध्या हिशेबात थोडा फरक पडतो, पण गाभा हाच. वेगापेक्षा गोळीचे वजन आणि नळीची लांबी यांवर लक्ष ठेवावे.

म्हणून एकाच रिव्हॉल्व्हरमधून जड गोळी जवळच्या निशाणावर वर लागते आणि हलकी खाली लागते. ऐकायला हे उलटे वाटते. जड वस्तू खाली पडावी, असे आपले मन सांगते. पण १५ मीटरवर पडायला वेळच नसतो. अंतर वाढवीत नेले की चित्र पालटते. जड गोळी सहसा मंद, ती जास्त पडू लागते आणि एका टप्प्यापुढे हलकी गोळी तिच्या वर जाते. तेव्हा कोणी सांगितले की "माझे रिव्हॉल्व्हर वर मारते", तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या काडतुसाने आणि किती अंतरावर? गोळीचे वजन ग्रेन या मापात सांगतात. एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर आपले जुने .४५५ चे जबर धक्का देणारे वेब्ली बाजूला ठेवून .३८ चे हलके रिव्हॉल्व्हर घेतले, ते नवशिक्या सैनिकाला लवकर शिकता यावे म्हणून. त्यात आरंभी २०० ग्रेनची शिशाची गोळी होती. पुढे तिच्या जागी १७८ ग्रेनची, धातूचे वेष्टण असलेली आली. आपल्याकडच्या पोलिसांच्या हातीही .३८ ची रिव्हॉल्व्हरे पिढ्यानपिढ्या राहिली. २०० वरून १७८ म्हणजे डोंग्यातला माणूस थोडा हलका व्हावा तसा. मामांच्या भाषेत, "काडतूस बदललं का माशीचा हिशेब बदलला."

शस्त्राच्या वजनाचा भाग निराळा. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. महिलांना पर्समध्ये बाळगता यावे म्हणून टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे अर्धा किलो. २०२३ मध्ये कानपूरच्याच कंपनीने 'प्रबल' आणले: तेही .३२ चेच, नळी ७६ मिलिमीटर, काडतुसांशिवाय वजन ७०० ग्रॅम. आता नववीचे उदाहरण सोडवू. .३२ ची नेहमीची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वर. वेग हिशेबापुरता सेकंदाला २२० मीटर धरू. निर्भीक मागे येईल सेकंदाला जवळजवळ २.८ मीटरने, प्रबल २ मीटरने. आणि गंमत पाहा: .३८ ची १५८ ग्रेनची गोळी २३० मीटर वेगाने ९०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून सोडली तर तेही २.६ मीटरनेच मागे येते. म्हणजे बाईमाणसाला झेपावे म्हणून हलके केलेले शस्त्र मोठ्या पोलिसी रिव्हॉल्व्हरपेक्षा कणभर जास्तच वेगाने मागे येते. पर्समध्ये वजन वाचले ते मनगटाने भरले. शस्त्र निवडून देणाऱ्या पुरुष मंडळींनी हा हिशेब बायकांना सांगितला होता की नाही, कोण जाणे.

'प्रबल'विषयी वर्तमानपत्रांनी ५० मीटरच्या पल्ल्याचे मोठे कौतुक केले. गोळी ५० मीटर जाते याबद्दल वाद नाही. ती त्याहून पुष्कळ पुढे जाते. प्रश्न नेमाचा आहे. याच वेगाच्या गोळीचा नेम १५ मीटरवर बरोबर बसवला असेल, तर ५० मीटरवर ती नजरेच्या रेषेच्या १२-१३ सेंटिमीटर खाली लागेल, आणि हवेचा अडथळा धरला तर आणखी थोडी खाली. नळी आखूड असल्यामुळे हाताची बारीकशी चूकही तेथे केवढी तरी होते.

आता नळीच्या लांबीकडे येते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ येथेच आहे. लोकांना वाटते, लांब नळी म्हणजे अचूक गोळी. नळी लांब झाली की एकाच वेळी चार गोष्टी घडतात आणि त्या एका दिशेने ओढत नाहीत. डोंगा लांब झाला, तेव्हा गोळी बाहेर पडेपर्यंत तोंड वर जायला जास्त वाव मिळाला. पण त्याच नळीचे वजन पुढे आले, लांब बांबूचे टोक उचलायला जड जाते तसे तोंड उचलायला जड झाले. गोळीला दारूचा धक्का जास्त वेळ मिळाला, तिचा वेग वाढला आणि ती खाली कमी पडू लागली. ही तीन कारणे एकमेकांशी भांडतात आणि त्यांचा निकाल शस्त्रागणिक वेगळा लागतो. चौथी गोष्ट मात्र पक्की आहे. माशी आणि खाच यांच्यातले अंतर वाढले. या अंतराला नेमबाज फार जपतात. १० सेंटिमीटर अंतर असताना माशी खाचेत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर १५ मीटरवर गोळी साडेसात सेंटिमीटर चुकते. तेच अंतर २० सेंटिमीटर असेल तर चूक निम्मी, पावणेचार. लांब नळी गोळीला शहाणी करीत नाही, ती डोळ्याला मदत करते. म्हणून तर २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत यावर मर्यादा घातलेली आहे: नळी १५३ मिलिमीटरच्या वर नको आणि माशी-खाचेतले अंतर २२० मिलिमीटरच्या वर नको. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याला हेच नियम लागतात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचे .२२ चे पिस्तूल आणि पोलिसांचे रिव्हॉल्व्हर यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक. तेथे नळी मुठीला लागून खाली असते, गोळी हलकी, आणि खाच स्क्रूने हवी तशी सरकवता येते.

पाव अंशाचा तोच कोन लांब नळीत मोजला तर माशीची उंची जास्त लागते, हेही येथेच सांगायला हवे. माशी-खाचेतले अंतर १० सेंटिमीटर असेल तर माशी खाचेपेक्षा साधारण ०.४४ मिलिमीटर उंच लागेल, २० असेल तर ०.८७. म्हणून आखूड नळीची माशी लांब नळीवर चढवून चालत नाही.

सुधारणेचा नियम मामांनी मला तीनदा म्हणून घेतला. मागची खाच जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाईल. पुढची माशी जिकडे सरकवाल त्याच्या उलट जाईल. गोळी खाली लागते, तर खाच वर करा किंवा माशी बुटकी करा. गोळी डावीकडे लागते, तर खाच उजवीकडे न्या. किती? साधे त्रैराशिक आहे. माशी-खाचेतले अंतर गुणिले चूक, भागिले निशाणाचे अंतर. अंतर १५० मिलिमीटर, चूक १० सेंटिमीटर, निशाण १५ मीटरवर, तर बदल एक मिलिमीटर. बस. लांब नळीत हाच एक मिलिमीटर कमी फरक पाडतो: माशी-खाचेत २०० मिलिमीटर असतील तर साडेसात सेंटिमीटरच.

स्क्रूची खाच असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही चूक परत फिरवता येते. पण पोलिसी रिव्हॉल्व्हर पट्ट्याला अडकू नये, पडले तरी बिघडू नये म्हणून त्याची खाच बहुधा अंगातच कोरलेली असते. मग सुधारणा एकच: कानस घ्यायची आणि माशी घासायची. घासलेले लोखंड परत येत नाही.

येथे मामा थोडा वेळ गप्प बसले. मग जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने लिहिते. जिल्हा कोणता ते त्यांनी लिहू नको म्हटले आहे.

१९८४ ची गोष्ट. मामा नोकरीत नवखे. वार्षिक गोळीबार चाचणी जवळ आली होती. एक साहेब रिव्हॉल्व्हर घेऊन आले. गोळ्या १५ मीटरवर वीतभर नाही तरी चांगल्या १० सेंटिमीटर खाली लागत होत्या, थोड्या डावीकडे झुकत्या. साहेबांनी हुकूम केला, "माशी घासून दे." मामांनी त्रैराशिक करून मोजून-मापून एक मिलिमीटर घासली. हिशेब अगदी बरोबर होता. साहेब चाचणीत उत्तीर्ण झाले, मामांची पाठ थोपटली गेली. काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली आणि ते रिव्हॉल्व्हर एका फौजदाराच्या नावे लागले. शांत डोक्याचा माणूस, जंगलातल्या ठाण्यावर नेमणूक. सात महिने त्याने ते कमरेला लावून रात्री-अपरात्री गस्त घातली. पुढच्या चाचणीत त्याच्या सहाच्या सहा गोळ्या एका मुठीत मावतील इतक्या जवळजवळ लागल्या, पण सगळ्या निशाणाच्या १० सेंटिमीटर वर.

रिव्हॉल्व्हर पहिल्यापासून बरोबर होते. चूक साहेबांच्या बोटात होती. धक्क्याच्या भीतीने ते बार होण्याच्या आधीच मनगट खाली दाबीत आणि चाप झटक्याने ओढीत. उजव्या हाताच्या माणसाची गोळी मग खाली-डावीकडे जाते. मामांनी माणसाचा दोष लोखंडातून घासून काढला होता. चौकशी झाली, मामांची एक वेतनवाढ रोखली गेली. वेतनवाढीचे त्यांना काही वाटले नाही, असे ते म्हणतात. ते सात महिने मात्र त्यांच्या मनातून गेले नाहीत. एखाद्या रात्री त्या फौजदाराला ते चालवावे लागले असते तर? मी विचारले, "त्यांना कधी सांगितले का?" म्हणाले, "सांगतलं ना. तो हसला. म्हणे, मी त तसाही पोटावर नेम धरतो. म्या म्हटलं, साहेब, हसू नका."

त्यानंतर मामा कानशीला हात लावण्याआधी एक युक्ती करू लागले. चकरीत भरलेली आणि वापरून झालेली काडतुसे मिसळून घालायची आणि नेमबाजाला कोणत्या घरात काय आहे ते कळू द्यायचे नाही. घोडा रिकाम्या काडतुसावर पडला की नुसता 'टक्' होतो, धक्का नसतो. त्या क्षणी ज्याचे तोंड स्थिर राहिले त्याच्या तक्रारीत तथ्य असण्याचा संभव. ज्याचे तोंड खाली बुचकळी मारते त्याला माशी नव्हे, सराव हवा. मामांच्या म्हणण्याप्रमाणे दहा तक्रारींपैकी आठ तेथेच मिटत. उरलेल्या दोघांसाठी रिव्हॉल्व्हर दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हाती द्यायचे, त्याच काडतुसाने, तेवढ्याच अंतरावर. गोळ्या विखुरलेल्या असतील तर सोडून द्यायचे. सगळ्या एका ठिकाणी आणि त्या ठिकाणीच चुकत असतील तर कानस. तीही हिशेबाच्या निम्मीच, मग पुन्हा गोळ्या मारून पाहायचे.

पकडीचेही तसेच. सैल धरले तर तोंड जास्त उडते, गोळी वर. घट्ट धरले तर खाली. एका हाताने आणि दोन्ही हातांनी वेगळे. नळी दगडावर किंवा लाकडावर टेकवून बार काढला तर आणखी वेगळे. नळीतल्या आट्यांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि रिव्हॉल्व्हर उलट बाजूला किंचित कलते; स्मिथ अँड वेसनचे आटे उजवीकडे वळतात आणि कोल्टचे डावीकडे, त्यामुळे तेही एकसारखे कलत नाहीत. पण हे फार थोडे असते.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट आठवते. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडले आणि हॉटसन वाचले. गोळी खिशातल्या वहीच्या धातूच्या बटणावर आपटली. मी मामांना विचारले, यात माशीचा काही दोष? ते म्हणाले, हातभर अंतरावर माशीकडे कोण पाहतो? तेथे नळी म्हणजे लांब केलेले बोट. माशी-खाचेचा प्रश्न सुरू होतो तो पाच-सात पावलांपुढे.

एक सावधगिरी. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे, आणि आमच्या भागात तशी काही जुनी घराणी आहेत, त्यांनी हा लेख वाचून कानस शोधू नये. निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करायला जाल तेव्हा तेथल्या जाणकाराला विचारावे, नाहीतर परवानाधारक बंदूकवाल्याकडे द्यावे. गावाबाहेर नाल्यात जाऊन बार काढून पाहणे हा तर गुन्हाच आहे.

जाता जाता नाटकाचे सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कंपनीच्या बिऱ्हाडी गेले आणि त्या खलनायकाला चहा पाजून हात कसा उचलायचा ते शिकवून आले. तिसऱ्या दिवशी सौंदडला तेच नाटक होते. आम्ही मुद्दाम गेलो. फटाका वाजला आणि गड्याने हात असा काही झटकला की लाकडी रिव्हॉल्व्हर डोक्यावरून मागे गेले, पडद्याला लागले आणि तो स्वतः दोन पावले मागे धडपडला. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "एवढा नाही रे बाबा, हे त तोफ झाली!"